गाडी शेवटच्या पंगतीला बसते: घरचं चार्जिंग की फास्ट चार्जर?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ठाण्यात घोडबंदर रस्त्याला, कासारवडवलीजवळच्या मोठ्या सोसायटीत राहणाऱ्या एका वाचक ताईंची नोकरी महापेला आहे. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी ३८ युनिट बॅटरीची इलेक्ट्रिक गाडी घेतली. महिन्याला साधारण १,००० किलोमीटर होतात. सध्या महिन्यातून सहा वेळा मॉलमधल्या फास्ट चार्जरवर गाडी लावतात. ॲपवर दर १८ रुपये युनिट, वर जीएसटी. घरचा वापर महिन्याला सरासरी २६० युनिट, बिल ३,१५० च्या आसपास. ‘म्हणजे घरची वीज १२ रुपयांना आणि मॉलची २१ ला,’ असा त्यांचा हिशेब. चेंबूरचे दीर सांगतात, आम्हाला घरी निम्म्यात पडतं. घरच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत ६० मीटर केबल ओढून सॉकेट द्यायला इलेक्ट्रिशियनने सगळं मिळून ६५,००० रुपये सांगितलेत. यजमान म्हणतात लगेच करून टाकू, सासऱ्यांना भीती की फास्ट चार्जिंगनं बॅटरी बसेल, आणि कमिटी म्हणते ‘बघू’. ‘रात्री साडेनऊला मुलगी मागच्या सीटवर वही घेऊन बसते आणि मी टक्के मोजत उभी असते. गाडी घेऊन चुकलो का?’ असं त्या विचारतात.

उत्तर:

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं. नाही चुकलात. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला १,००० किलोमीटरसाठी ६७ लिटर लागतात, आणि पेट्रोल शंभरीच्या पुढे आहे. म्हणजे सात हजारांच्या आसपास खर्च झाला असता. आज अगदी महागड्या फास्ट चार्जरवर गाडी भरूनही तुम्ही निम्म्याच्या आत आहात. प्रश्न उरतो तो त्या निम्म्यातून आणखी किती कापता येईल एवढाच, आणि त्यासाठी ६५,००० घालायचे की नाही.

तुमच्या पत्रात एक आकडा आहे ज्यावर घरातली सगळी चर्चा उभी आहे: १२ रुपये. बिलाची रक्कम भागिले युनिट. बेरीज-भागाकार बरोबर आहे, पण गाडीला हा दर लागत नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, ५०० च्या वर चौथा. स्वस्तातली पहिली १०० युनिटं तुमच्या घरात फ्रिज, पंखे, दिवे आणि वॉशिंग मशीन आधीच खाऊन बसलेली असतात. गाडी शेवटच्या पंगतीला बसते, आणि इथल्या पंगतीत शेवटच्या पानाचा दर सगळ्यात चढा.

आकडे मांडू. दर वीज नियामक आयोगाच्या आदेशागणिक बदलतात, म्हणून इथे गोल आकडे घेतलेत. तुम्ही तुमच्या बिलावरचे घाला. वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन धरून पहिला टप्पा ६ रुपये, दुसरा साडेबारा, तिसरा १७, चौथा १९. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे हातात पडणारा दर अनुक्रमे ७, १४.५०, १९.७० आणि २२ रुपये. इथेच लक्षात येईल की तिसऱ्या टप्प्यातलं घरचं युनिट आणि मॉलचं २१ रुपये २४ पैशांचं युनिट यांत फारसं अंतर राहिलेलं नाही.

आता गाडी. शहरात एसी लावून युनिटला ७ किलोमीटर धरले तर १,००० किलोमीटरला बॅटरीत १४५ युनिट जायला हवेत. पण घरी मीटर १४५ वर थांबत नाही. घरच्या एसी (दिशा बदलत वाहणाऱ्या) विजेचं बॅटरीला लागणारं डीसी (एकाच दिशेने वाहणारं) करणारा चार्जर गाडीच्या पोटात असतो, म्हणजे मीटरच्या पुढे. रूपांतरातली आणि केबलमधली हानी, शिवाय चार्जिंग चालू असेपर्यंत जागं राहणारं गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स, हे सगळं तुमच्या बिलात. ती दहा ते पंधरा टक्के पकडा. १४५ साठी मीटरवर १६५ पडतील. फास्ट चार्जरमध्ये रूपांतर त्या कपाटाएवढ्या पेटीत होतं आणि गाडीला थेट डीसी मिळतं. तुमच्याकडून जाते ती मुख्यतः बॅटरी गार ठेवण्याची वीज. सहा फेऱ्या, दर वेळी २५, असं १५० युनिट धरू.

साधारण महिन्यात घरचे २६० अधिक गाडीचे १६५, एकूण ४२५. गाडीच्या वाट्याची पहिली ४० युनिटं दुसऱ्या टप्प्यात: ५८० रुपये. उरलेली १२५ तिसऱ्यात: २,४६२. बेरीज ३,०४२. मॉलमध्ये १५० गुणिले २१.२४, म्हणजे ३,१८६. फरक १४४ रुपये. या दराने ६५,००० वसूल व्हायला साडेसदतीस वर्षं लागतील. गाडी तोवर राहणार नाही.

मे महिन्यात दोन एसी चालून घरचाच वापर ४२० वर गेला, तर गाडीची निम्मी युनिटं चौथ्या टप्प्यात जातात आणि घरचं चार्जिंग ३,४४६ ला पडतं, मॉलपेक्षा २६० रुपये जास्त. उलट डिसेंबर-जानेवारीत घरचा वापर १७० वर आला की तेच २,५७५ होतं. ‘घरी स्वस्त की बाहेर’ याचं उत्तर एका घरात सुद्धा महिन्यागणिक फिरतं.

मॉलच्या बाजूने मात्र एक खर्च तुम्ही धरलेला दिसत नाही. पार्किंगची पावती. फेरीला ५० रुपये धरले तर सहा फेऱ्यांचे ३००, म्हणजे युनिटमागे चक्क २ रुपये. ते मिळवलं की फरक १४४ वरून ४४४ वर येतो आणि वसुली बारा वर्षांवर. तरीही लांबच. शिवाय ॲपच्या वॉलेटमध्ये अडकून पडलेले दोन-तीनशे, चार्जिंग संपल्यावर गाडी न हलवल्याचा दंड, आणि संध्याकाळी वेगळा, दुपारी वेगळा दर, हे सगळं पाहिल्याशिवाय ‘१८ रुपये’ हा आकडा पुरा होत नाही.

दिरांचं म्हणणं खोटं नाही, पण ते तुमच्या कामाचं नाही. चेंबूरला वीज देणारी कंपनी वेगळी आणि तिचे टप्प्यांचे दरही वेगळे. ठाणे, मुलुंड, नवी मुंबई महावितरणकडे. कळवा-मुंब्र्यात बिल टोरंट या खासगी कंपनीचं येतं, पण दरपत्रक महावितरणचंच. त्यामुळे मुंबई शहरातल्या कुणाचाही ‘किलोमीटरला रुपया’ इकडे जसाच्या तसा उचलू नये.

मग घरच्या चार्जिंगचा नाद सोडायचा का? नाही. केबलवर पैसे घालण्याआधी मीटर कोणतं, याचा विचार व्हायला हवा.

आयोगाच्या दरपत्रकात ईव्ही चार्जिंग स्टेशनसाठी वेगळा वर्ग आहे. त्यात स्लॅब, म्हणजे चढते टप्पे, नाहीत. पहिलं युनिट आणि पाचशेवं युनिट एकाच मूळ दराने, फक्त दिवसाच्या वेळेनुसार थोडी वजावट किंवा भर. हा दर घरगुती दुसऱ्या टप्प्याच्या सुद्धा खाली पडतो, शुल्कासह १०.५० धरू. अडचण अशी की तुम्ही घरच्या मीटरवरून केबल ओढलीत तर हा दर मिळत नाही. स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली की त्या जागेचाच दर लागतो, असं आयोगाचं सरळ म्हणणं आहे. (यात एक दिलासा आहे: गाडी लावली म्हणून घरच्या मीटरला कुणी व्यापारी दर लावू शकत नाही. ही भीती सोसायट्यांत उगाच फिरत असते.) स्वस्त वर्ग हवा तर सोसायटीनं स्वतःच्या नावावर ईव्ही चार्जिंगची स्वतंत्र जोडणी घ्यावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागणं हा ग्राहकाचा हक्कच आहे. जिथे महावितरणला नवी यंत्रणा उभारावी लागत नाही तिथे मुदतही नेमून दिली आहे: महानगर क्षेत्रात ३ दिवस, इतर पालिका क्षेत्रात ७. प्रत्यक्षात वेळ जातो तो कमिटीच्या ‘बघू’मध्ये.

या जोडणीला स्थिर आकार प्रति केव्हीए (जोडणीच्या क्षमतेचं माप) असतो, आणि एकट्याने घेतली तर तो बोचतो. ८ केव्हीएच्या जोडणीला ८० रुपये दराने महिन्याला ६४० झाले, गाडी लावा न लावा. चार गाड्यांत वाटला की प्रत्येकी १६०. मग तुमचा महिना: १६५ गुणिले १०.५०, म्हणजे १,७३२, अधिक १६०. जवळपास १,८९०. मॉलच्या ३,१८६ पेक्षा १,३०० कमी, पार्किंग धरली तर १,६००. समजा मीटर पॅनल, केबल आणि ७.४ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर मिळून १,२०,००० खर्च आला आणि चार घरांनी वाटून घेतला, तर तुमचे ३०,००० दोन वर्षांच्या आत सुटतात. चार गाड्यांना एक चार्जर पुरतो का? ७.४ किलोवॉटवर तुमची आठवड्याची गरज सहा तासांच्या आत भागते. चौघांनी वार वाटून घेतले तरी तीन रात्री रिकाम्या राहतील.

अर्ज करताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. मंजुरीपत्रावर कोणता वर्ग लिहिला आहे? घाईत ‘घरगुती’ किंवा ‘व्यापारी’ पडलं तर सगळं गणित उलटतं, आणि नंतर वर्ग बदलून घेणं म्हणजे हेलपाटे.

कमिटीकडून दुसरा एक प्रस्ताव येण्याची दाट शक्यता आहे: ‘कॉमन मीटरवरून सॉकेट घ्या, सबमीटर लावू, सरासरीने पैसे द्या.’ ऐकायला सोपं. पण लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यांचे दिवे मिळून कॉमन मीटर महिन्याला काही हजार युनिट खातं. म्हणजे तिथे तुमचं प्रत्येक युनिट चौथ्या टप्प्यातलं, २२ रुपयांचं. सोसायटीनं २२ मागितले तर ती लुटत नाही, आणि कमी मागितले तर फरक बाकीचे सभासद भरताहेत. पुढच्या वार्षिक सभेत नेमकं यावरूनच भांडण होतं. त्या वाटेला जाऊ नका.

कमिटीतल्या कुणाला तळघरातल्या आगीची भीती असेल तर ती हसण्यावारी नेऊ नका. धोका बहुतेक वेळा गाडीपेक्षा जोडणीत असतो. गीझरच्या साध्या १५ अँपिअर सॉकेटवर गाडी लावली की ते सलग सात-आठ तास १२-१३ अँपिअर ओढतं. गीझर वीस मिनिटांत थांबतो. सॉकेट त्या हिशेबाने बनलेलं असतं. आतली पत्ती सैल पडते, तापते, आणखी सैल होते. चार्जिंग सुरू करून तासाभराने प्लगला हात लावा. कोमट चालेल. बोट टेकवून ठेवता येत नसेल, किंवा सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी कडं दिसत असेल, तर त्याच क्षणी बंद करा. पार्किंगमध्ये निळ्या झाकणाचं १६ अँपिअरचं औद्योगिक सॉकेटच बसवावं, किंवा सरळ भिंतीवरचा चार्जर.

केबलबाबत इलेक्ट्रिशियनला हे विचारा: तार किती जाडीची, म्हणजे किती स्क्वेअर एमएम? ६० मीटर म्हणजे जाऊन-येऊन १२० मीटर तांबं. २.५ च्या वायरवर १३ अँपिअरला १२ व्होल्टच्या आसपास वाटेतच जातात, ४ च्या वायरवर ८ च्या खाली. म्हणून साध्या सॉकेटला ४ चालेल. पण ३२ अँपिअरच्या चार्जरला हीच ४ ची केबल दिली तर १९ व्होल्ट गळतात, केबल गरम राहते, आणि संध्याकाळी आधीच व्होल्टेज कमी असेल तर चार्जर मध्येच बंद पडतो. त्याला १० स्क्वेअर एमएम तांब्याची आर्मर्ड केबल लागते. ॲल्युमिनियमची स्वस्त केबल टाकायची असेल तर जाडी वाढवावी लागते आणि टोकाला योग्य लग दाबून बसवावे लागतात. नुसती पिळून बसवलेली ॲल्युमिनियमची टोकं वर्षभरात सैल होतात. चार्जरला स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) हवा, सॉकेटला २० अँपिअर, मोठ्या चार्जरला ४०. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच), टाइप ए. चार्जरमध्ये डीसी गळती ओळखण्याची सोय नसेल तर टाइप बी. ‘ईएलसीबी लावतो’ (गळतीच्या स्विचचं जुनं नाव) एवढ्यावर समाधान मानू नका, टाइप विचारा. आणि अर्थिंग. नवा चार्जर लावला आणि लाल दिवा, ही तक्रार बहुतेक वेळा चार्जरची नसते. पार्किंगमधल्या बोर्डापर्यंत अर्थिंगची तार आलेलीच नसते. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजायला लावा. ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी तो घोळ निस्तरा.

आता सासऱ्यांची शंका. फास्ट चार्जिंगने बॅटरी एका वर्षात बसत नाही. तिला त्रास होतो तो उष्णतेचा, आणि काठोकाठ भरून तशीच उभी ठेवण्याचा. गाडीतली यंत्रणा तापमान पाहून स्वतःच वेग कमी करते. मे महिन्यात दुपारी घाटातून किंवा महामार्गावरून उतरून लगेच चार्जरची गन (गाडीत खुपसायचा प्लग) लावली की चार्जरवर ६० लिहिलेलं असूनही २५ किलोवॉटच मिळतात, त्याचं कारण हेच. (दुसरं कारण: एका पेटीला दोन गन असतील आणि शेजारी गाडी लागली असेल तर ताकद वाटली जाते.) २० वरून ८० टक्क्यांपर्यंत भरा आणि निघा. ८० च्या पुढे वेग इतका मंदावतो की शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या साठ टक्क्यांएवढा वेळ जाऊ शकतो, आणि मुलीची वही तोवर भरून जाते. महिन्यातून एकदा मात्र संथ चार्जिंगने १०० पर्यंत न्या म्हणजे सेल एका पातळीत येतात; बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर याची गरज जास्त. प्रकार गाडीच्या पुस्तिकेत असतो, आणि किती वेळा पूर्ण भरायचं हेही तिथलंच ऐकावं.

हेच पत्र वाशी, ऐरोली किंवा कोपरखैरण्याच्या रो-हाउसमधून आलं असतं तर उत्तर वेगळं असतं. मीटर दारात, केबल पाच मीटर, खर्च थोडका. घरात दोनच माणसं आणि वापर ९० युनिट असेल, तर गाडीचे १६५ जवळपास सगळे दुसऱ्या टप्प्यात बसून २,३२० मध्ये काम होतं. छत स्वतःचं असेल तर ३ किलोवॉट सौर पॅनल दिवसाला साधारण १२ युनिट देतात, आणि पीएम सूर्यघर योजनेतून त्यावर ७८,००० रुपये अनुदान आहे. तिथे घरच्या चार्जिंगला तोड नाही. फक्त ७.४ चा चार्जर घेण्याआधी बिलावरचा मंजूर भार पाहावा. एसी, गीझर आणि चार्जर एकदम चालले तर सिंगल फेज पुरत नाही, आणि थ्री फेजला गेलं की स्थिर आकार चांगलाच वाढतो. रात्रभर गाडी उभी राहत असेल तर ३.३ किलोवॉटवर भागतं.

सोसायटीची जोडणी व्हायला चार-सहा महिने जातील असं धरून चाला. तोवर एक वाट आहे जी तुमच्या पत्रात कुठेच नाही: महापेचं ऑफिस. गाडी तिथे दिवसाचे आठ तास उभी असते. कंपनीला औद्योगिक दर लागू असेल तर तिथेही घरगुती स्लॅब नाहीत. साध्या १६ अँपिअर सॉकेटवर आठ तासांत मीटरवर २३ युनिट पडतात, त्यातली २० बॅटरीत जातात, म्हणजे १४० किलोमीटर. आठवड्यातून दोनच दिवस लावली तरी महिन्याचे १,००० किलोमीटर निघतात. ॲडमिनकडे तोंडी विचारू नका, ते विसरलं जातं. चार ओळींचा मेल करा: दोन सॉकेट, सबमीटर, युनिटमागे ठरेल तो दर कर्मचारी भरतील, आणि खाली ज्या-ज्या सहकाऱ्यांकडे इलेक्ट्रिक गाडी आहे त्यांची नावं. शनिवार-रविवारी गाडी घरी असते म्हणून घरच्या मीटरचा मोह होईल. जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी (वेळेनुसार वापर नोंदवणारं) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटला ८० पैसे ते १ रुपया सूट आहे खरी, पण ६५,००० च्या केबलला तेवढ्याने आधार मिळत नाही.

इलेक्ट्रिशियनला आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नका. त्याच्याकडून तेच अंदाजपत्रक नव्याने मागवा: सुरुवात घरच्या मीटरऐवजी सोसायटीच्या नव्या ईव्ही मीटरपासून, केबल १० स्क्वेअर एमएम, चार्जर ७.४ किलोवॉट. तो कागद, वरचा १,८९० विरुद्ध ३,१८६ चा हिशेब आणि आणखी तीन गाडीवाल्यांच्या सह्या असा अर्ज कमिटीला द्या, आणि पोच घ्या.